पोशन परवडतं का? ओल्ड स्कूल रुनस्केपमधला हिशेब असा मांडा

ओल्ड स्कूल रुनस्केप या ऑनलाइन खेळात काही जणांच्या बँकेत (सामान साठवायच्या जागेत) सुपर कॉम्बॅट पोशनच्या, म्हणजे लढाईची ताकद काही काळ वाढवणाऱ्या पेयाच्या, बाटल्या वर्षानुवर्षं पडून असतात, कारण एवढं महागाचं पोशन प्यायला हात धजत नाही. काही जण मात्र किरकोळ मॉन्स्टरच्या शिकारीलाही बाटलीमागून बाटली रिकामी करतात. दोघांनाही बाटलीची किंमत तोंडपाठ असते, पण तिच्यामुळे कमाईत किती भर पडली हे त्यांनी मोजलेलं नसतं. ते मोजायला तासाभराचा खेळ आणि एक कागद पुरतो.

पायरी १ : पोशन नेमकं काय देतं ते बघा

सुपर कॉम्बॅटमुळे अटॅक (फटका लागण्याची अचूकता), स्ट्रेंथ (फटक्याचा जोर) आणि डिफेन्स (बचाव) या तिन्ही लेव्हल मूळ लेव्हलच्या १५% अधिक ५ इतक्या वाढतात. लेव्हल ९९ असेल तर वाढ १९ ची. नंतर दर मिनिटाला ही वाढ एकेकाने उतरत जाते. हे उतरणं लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्यावरच आहे.

स्ट्रेंथ ९९, पायटी (लढाईची ताकद वाढवणारी प्रार्थना) चालू, अ‍ॅग्रेसिव्ह स्टाइल (जोरावर भर देणारी लढण्याची पद्धत) आणि अंगावरच्या सामानाचा स्ट्रेंथ बोनस १०० असेल, तर कमाल फटका ३४ वरून ४० वर जातो. शिवाय फटके लागण्याचं प्रमाणही सुधारतं. ज्याचा बचाव भक्कम आहे अशा मॉन्स्टरवर ही सुधारणा चांगलीच जाणवते. दुबळ्या मॉन्स्टरवर तुमचे बहुतेक फटके तसेही लागत असतात, तिथे फरक थोडाच पडतो.

पायरी २ : तासाला किती शिकार होते ते मोजा

इथे बरेच जण फसतात. मारा २५% वाढला म्हणजे शिकारही २५% वाढली, असं होत नाही. पोशन फक्त लढाईचा वेळ कमी करतं. चालणं, लूट उचलणं, पुढचा मॉन्स्टर येईपर्यंत थांबणं, यात काही बदलत नाही.

समजा, एका शिकारीला १८० सेकंद लागतात. त्यातले १२० लढाईचे, ६० इतर. तासाला २० शिकारी झाल्या. पोशन घेऊन एकूण मारा २५% वाढला, तर लढाई ९६ सेकंदांत आटोपते, एकूण वेळ १५६ सेकंद, म्हणजे तासाला साधारण २३ शिकारी. वाढ १५%. स्वतःचे आकडे काढायला पोशनशिवाय अर्धा तास आणि पोशनसह अर्धा तास त्याच जागी, त्याच सामानानिशी खेळा.

पायरी ३ : एका शिकारीची सरासरी कमाई काढा

दुर्मीळ वस्तूंचा वाटाही धरा, पण सरासरीनेच. अबिसल डीमन या मॉन्स्टरकडून अबिसल व्हिप (चाबकासारखं शस्त्र) मिळण्याची शक्यता ५१२ मध्ये १ आहे. व्हिप विकून हातात १०,२४,००० नाणी पडत असतील, तर दर शिकारीमागे तिचा वाटा २,००० नाणी. आज व्हिप मिळाली म्हणून आजची कमाई फुगवू नका. ग्रँड एक्स्चेंजवर (खेळातल्या बाजारात) विकताना २% कर कापला जातो, तोही वजा करा.

पायरी ४ : बाटलीची खरी किंमत धरा

स्वतः बनवलेलं पोशन फुकट नसतं. हर्बलोर (पोशन बनवण्याचं कौशल्य) ९० लेव्हलला नेऊन, टॉर्स्टोल ही वनस्पती घालून तुम्ही ते बनवलं असेल, तर विकून जे हातात आलं असतं ती त्याची किंमत. विकत घेतलं असेल, तर मोजलेली नाणी.

पायरी ५ : आता वजाबाकी, आणि दोन डोसमधलं अंतर

उदाहरणापुरतं समजा, चार डोसची बाटली १२,००० ला आणि एका शिकारीची कमाई १५,०००. वरचा २३ चा आकडा दर ५ मिनिटांना डोस घेऊन आला आहे असं धरू. तासाला १२ डोस, म्हणजे ३ बाटल्या : ३६,०००. जादा ३ शिकारींचे ४५,०००. निव्वळ फायदा ९,०००. शिकारीची कमाई १२,००० च्या खाली असती, तर याच पद्धतीने तोटा झाला असता.

पण ५ मिनिटांनीच का प्यायचं? तेवढ्या वेळात वाढ १९ वरून १५ वर येते, सरासरी १७. दर १० मिनिटांनी प्यायलात तर सरासरी १४.५, म्हणजे लाभाचा ८५% भाग टिकतो आणि खर्च निम्मा होतो. जादा कमाई साधारण ३८,४००, खर्च १८,०००, फायदा २०,४००. दर १५ मिनिटांनी घेतलं तर सरासरी १२, फायदा साधारण १९,८००. आकडे ढोबळ आहेत, पण कल स्पष्ट आहे. तेच पोशन, तीच जागा, फक्त थोडं थांबून प्यायल्याने फायदा दुपटीच्या वर गेला. वाढ जराशी उतरली की लगेच दुसरा डोस घेण्याची सवय मला म्हणूनच फार खर्चिक वाटते.

नाण्यांऐवजी एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) हवं असेल तर

अशा वेळी प्रश्न असा विचारा : पोशन मला एक तास कितीला विकतंय? तासाला ५०,००० एक्सपी मिळत असेल, तर १० लाख एक्सपीला २० तास लागतात. पोशनने वेग १५% वाढला की सुमारे १७.४ तास. वाचले २.६ तास, खर्च, तासाला ३६,००० धरून, सुमारे ६,२६,०००. म्हणजे वाचलेला एक तास २,४०,००० ला पडला. मॉन्स्टरकडून विकण्याजोगं काही मिळत नसेल आणि दुसरीकडे तुम्ही तासाला यापेक्षा जास्त नाणी कमवू शकत असाल, तर बिनधास्त प्या. नसाल, तर आधी वर सांगितल्याप्रमाणे डोसमधलं अंतर वाढवून हाच हिशेब पुन्हा करा.

प्रार्थना चालू ठेवायला लागणारे पॉइंट परत देणाऱ्या प्रेअर पोशनचा हिशेब मात्र फेरीवर, म्हणजे बँकेतून निघून परत येईपर्यंतच्या खेळावर, करावा लागतो. एका डोसने ७ अधिक प्रेअर लेव्हलच्या २५% इतके पॉइंट परत येतात, लेव्हल ७७ ला २६. त्याने फटका वाढत नाही, मुक्काम वाढतो. म्हणून एका फेरीत किती शिकारी झाल्या आणि बँकेत जाऊन परत यायला किती वेळ गेला, हे दोन आकडे लिहून ठेवा. आणि कोणतंही पोशन असो, इन्व्हेंटरी (सोबतची थैली) भरत आली असेल, दोन-तीन शिकारींनंतर बँकेत परतायचंच असेल, तर नवा डोस घेऊ नका. तो पुढच्या फेरीच्या पहिल्या मॉन्स्टरसाठी ठेवा.