आरटीओच्या कामात मदत हवीय? आधी हे बघा

लायसन्सचं किंवा आरसीचं काम ऑनलाइन अडकलं की आपण लगेच गुगलवर कस्टमर केअर नंबर शोधतो, ते आधी बंद करा, तिथे फसवणूक करणारे बसलेले असतात. नंबर किंवा ईमेल घ्यायचा तो फक्त सरकारच्या परिवहन वेबसाइटवरूनच, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते नीट बघून. तिथे लायसन्ससाठी सारथी आणि गाडीच्या कागदपत्रांसाठी वाहन असे हेल्पडेस्क वेगळे आहेत, चुकीच्या ठिकाणी मेल टाकला तर उगाच वेळ जातो. ओटीपी येत नाही, पेज लटकतंय असलं काही असेल तर हेल्पडेस्क, पण अर्ज मंजूरच होत नाहीये किंवा कागदावर शेरा मारलाय तर तुमचं आरटीओ ऑफिसच बघणार, हेल्पडेस्कवाले त्यात काही करू शकत नाहीत.

आणि पैसे कटले पण पावती आली नाही तर प्लीज परत पेमेंट करू नका, सारथीवर पेमेंट स्टेटस व्हेरिफाय करायचा ऑप्शन असतो तो आधी वापरा. मेलमध्ये अर्ज क्रमांक आणि एररचा स्क्रीनशॉट टाका, ओटीपी मात्र कुणी कितीही मागितला तरी द्यायचा नाही. व्हॉट्सॲपवर दंडाच्या चलनाच्या नावाने एपीके फाइल (म्हणजे मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली तर उघडूच नका, घरातल्या मोठ्यांनाही हे नक्की सांगा.