आल्फांदेगची जुनी पत्रे गोव्याच्या दमट हवेत कशी जपावीत

घरच्या पेटीत पोर्तुगीज काळातली जकातीची पत्रे सापडली की बहुतेक जण आधी वाळवी आणि कसरीच्या मागे लागतात. तो बंदोबस्त हवाच, पण खरा शत्रू शाईत असतो. पणजीच्या आल्फांदेगच्या, म्हणजे पोर्तुगीज जकात कचेरीच्या, पत्रांची त्या काळची शाई सहसा मायफळ, हिराकस आणि डिंकाचीच. तिच्यातले आम्ल आणि जादा लोह कागद आतून खाते. पत्र उलटून पाहा. अक्षरे मागे तपकिरी उमटली असतील, तर कागद तिथे कमकुवत झालाय. पुढे 'o' अक्षराच्या पोटातला कागद गळून तिथे भोक उरते.

अशा पत्राला पाणी लावू नका. ओला बोळा, वाफ, खळ, सगळेच वर्ज्य. पाण्याबरोबर लोह विरघळून धडधाकट कागदात शिरते. सेलोटेप आणि लॅमिनेशनही नको. चिकटपट्टीचा डिंक पिवळा पडतो आणि काढताना अक्षरे घेऊन जातो.

हाताळणी जानेवारी-फेब्रुवारीत करा, पावसाळ्यात घड्या उघडूच नका. हात धुऊन कोरडे करा. हातमोज्यांची गरज नाही, त्यांनी कडा समजत नाहीत आणि कागद फाटतो. आधी फोटो काढा. गठ्ठ्यातला क्रम मोडू नका, कारण पत्र आणि त्यासोबतची मालाची यादी वेगळी झाली की दोन्ही मुकी होतात. क्रमांक मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने. गंजलेली टाचणी ओढायची नाही: तिच्याखाली प्लास्टिकचा पातळ तुकडा सरकवून ती हळू उचलायची. लाखेची मोहर असेल तर पत्रावर वजन ठेवू नका, लाख तडकते.

बुरशी बोटाला ओलसर लागली, तर ती जिवंत आहे. पत्र वेगळे ठेवून सुकू द्या. भुकटी झाल्यावरच एन-95 मास्क लावून, उघड्यावर मऊ ब्रशने झाडा. कीड असेल तर पत्र प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरते. मोहरेची पत्रे यातून वगळा.

साठवणीला आम्लरहित फोल्डर आणि खोका घ्या. खोका बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. आत एक स्वस्त आर्द्रतामापक टाका: काटा 45 ते 55 टक्क्यांत बरा, 65 च्या वर गेला की बुरशीला आमंत्रण. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की बदला. डांबराच्या गोळ्या नकोत, आणि कडुनिंबाचा पाला तर अजिबात नको. तो ओल धरतो, डाग पाडतो.

भोके पडलेल्या पत्राला घरी हात लावू नका. ते कागद-संवर्धकाचे काम आहे. पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारा.