घर आणि अंगण डासांपासून मुक्त ठेवण्यासाठी आठवड्याचे काम

डासाचे अर्धे आयुष्य पाण्यात जाते, आणि आपल्या उबदार हवामानात अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारणपणे आठ ते दहा दिवस लागतात. डासांच्या बंदोबस्ताचे सगळे गणित या एका गोष्टीवर उभे आहे. घरात आणि अंगणात साचलेले प्रत्येक पाणी सात दिवसांच्या आत एकदा ओतून टाकले, झाकले किंवा त्यात मासे सोडले, तर त्या पाण्यातून डास बाहेरच पडत नाही. कॉइल, मॅट, धूर, फवारणी या सगळ्यांचा संबंध बाहेर पडलेल्या डासांशी आहे. म्हणून त्यांचा विचार नंतर, आणि पाण्याचा विचार आधी करावा.

आपल्याकडे घराभोवती त्रास देणारे डास मुख्यतः तीन प्रकारचे आहेत आणि त्यांच्या आवडीनिवडी वेगळ्या आहेत. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस हा काळ्या पायांवर पांढरे पट्टे असलेला डास घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी. हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस रात्री चावतो. त्याची शहरी जात विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्यांमध्ये वाढते, आणि मुंबईच्या हिवतापाची मुळे या जागांमध्ये असल्याचे 1911 सालच्या बेंटले यांच्या सरकारी अहवालातच नोंदले गेले होते. रात्री कानाशी गुणगुणणारा आणि संख्येने सर्वांत जास्त असलेला क्युलेक्स गटारे, तुंबलेले सांडपाणी आणि सेप्टिक टँक यांत वाढतो. विदर्भातील भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांत दिसणारा हत्तीरोग त्याच्याच चाव्याने पसरतो. म्हणजे गटार साफ झाले की डेंग्यू टळला, अशी जी समजूत सर्रास आढळते ती बरोबर नाही. डेंग्यूचा डास गटारात सहसा सापडत नाही. तो आपल्या मोरीतल्या पिंपात सापडतो.

कोरडा दिवस पाळण्याची रीत

आरोग्य विभाग ज्याला कोरडा दिवस म्हणतो, तो आठवड्यातला एक वार घराने कायमचा ठरवून घ्यावा आणि तो घरातल्या एका माणसाच्या नावावर असावा. सगळ्यांचे काम असले की ते कोणाचेच राहत नाही. त्या दिवशी हातात टॉर्च घेऊन आधी घराच्या आत आणि मग बाहेर फिरावे. भांड्याजवळ जाताना एक काळजी घ्यावी लागते. पाण्यावर सावली पडली किंवा भांड्याला धक्का लागला की अळ्या क्षणात तळाशी जातात आणि पाणी स्वच्छ असल्यासारखे वाटते. म्हणून टॉर्चचा झोत बाजूने टाकून एक-दोन मिनिटे न हलता थांबावे. श्वास घेण्यासाठी त्या पुन्हा वर येतातच: एडिस आणि क्युलेक्सच्या अळ्या शेपटाकडची नळी पृष्ठभागाला टेकवून डोके खाली करून लटकतात, तर ॲनॉफिलिसची अळी पाण्याला समांतर आडवी पडून राहते. स्वल्पविरामासारखे वाकलेले, गोलांट्या घेत खाली जाणारे जीव दिसले तर ते कोष आहेत, आणि एक-दोन दिवसांत तिथून डास उडणार आहेत असे समजून ते पाणी त्याच घडीला रिकामे करावे.

अळ्यांचे पाणी गटारात किंवा मोरीत ओतू नये. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर पसरून ओतावे, म्हणजे अळ्या काही वेळातच मरतात. मात्र ओतण्यापाशी काम संपत नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात आणि भांडे पुन्हा भरले की फुटतात. त्यामुळे भांडे रिकामे केल्यावर आतली बाजू, विशेषतः पाण्याची रेषा असते तो पट्टा, काथ्याने किंवा तारेच्या घासणीने खरवडून घासणे, धुऊन काढणे आणि शक्य असेल तर पालथे घालून उन्हात ठेवणे आवश्यक आहे. जे लोक मनापासून दर आठवड्याला पाणी बदलतात आणि तरीही अळ्या सापडतात म्हणून हताश होतात, त्यांच्याकडे बहुधा ही घासण्याची पायरी राहून गेलेली असते.

जिथे पाणी टाकून देता येत नाही

मराठवाड्यात, सोलापूरकडे आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येते. अशा घराला पिंप रिकामे करा असे सांगणे हे त्या घराची अडचण न समजल्याचे लक्षण आहे, आणि हा सल्ला भिंतीवरच्या फलकांवरून सरसकट दिला जातो याचे मला वाईट वाटते. टंचाईच्या गावांत डेंग्यूची साथ येते ती बऱ्याचदा याच साठवणीतून. म्हणून तिथे वेगळी पद्धत लागते.

पहिला उपाय झाकण्याचा. पिंप, रांजण, माठ यांच्या तोंडावर जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे दुहेरी कापड घालून ते सुतळीने किंवा सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या रबराने गळ्याशी घट्ट बांधावे. कापड मध्ये झोळीसारखे सुटून पाण्याला टेकता कामा नये, कारण ओल्या कापडावरही मादीला अंडी घालता येतात; ते ढोलकीच्या पानासारखे ताणलेले हवे. वर नुसती ताटली किंवा पत्रा ठेवल्याने काम होत नाही, कारण काठाशी बोटभर फट राहिली तरी मादीला ती पुरते. दुसरा उपाय गाळण्याचा. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी, जेव्हा साठा सर्वांत कमी असतो, तेव्हा एका भांड्यातले उरलेले पाणी दुहेरी फडक्यातून दुसऱ्यात गाळून घ्यावे, रिकामे भांडे घासावे, आणि असेच एकेक भांडे आळीपाळीने करावे. पाण्याचा एक तांब्याही वाया जात नाही आणि अळ्या फडक्यात राहतात. ते फडके उन्हात झटकून वाळवावे.

सिमेंटच्या मोठ्या हौदासाठी गप्पी मासे हा फार चांगला मार्ग आहे. गाव-शहरांत हिवताप विभागाकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे ते सहसा मिळतात. गप्पी अंडी न घालता पिल्ले देतात, म्हणून एकदा जम बसला की संख्या आपोआप टिकते. हौद धुताना मासे बादलीत काढून ठेवावेत, आणि पाण्यात टीसीएल पावडर टाकायची असेल तर मासे त्याआधी बाहेर काढावेत, कारण क्लोरिनने ते मरतात. उलट पिण्याच्या पाण्यासाठी वापरतो तेवढ्या टीसीएलने डासांच्या अळ्या मात्र मरत नाहीत, हे लक्षात ठेवावे. गप्पी मासे ओढा, नदी किंवा तळ्यात कधीही सोडू नयेत. तिथे ते स्थानिक माशांच्या आणि बेडकांच्या जिवावर उठतात.

आरोग्य सेवक पाण्यात जे औषध टाकतात आणि ज्याला सगळे अबेटिंग म्हणतात, ते टेमिफॉस ठरावीक मात्रेतच वापरायचे असते. ते आपल्या अंदाजाने टाकू नये आणि त्यांनी टाकल्यावर घाण झाली म्हणून लगेच पाणी फेकूनही देऊ नये. बीटीआय हे जिवाणूपासून केलेले औषध अळ्यांनी खाल्ले तरच काम करते, म्हणून न खाणाऱ्या कोषांवर त्याचा उपयोग होत नाही.

टाकी, व्हेंट पाइप आणि घरातल्या विसरलेल्या जागा

गच्चीवरच्या टाकीचे झाकण बिजागरीसह घट्ट बसणारे असावे, आणि ओव्हरफ्लो पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी तारेने आवळलेली असावी. टाकीवर चढण्यासाठी पक्की शिडी नसेल तर कोणी तपासणीच करत नाही, म्हणून सोसायटीने आधी शिडी बसवावी. सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपाला नायलॉनची जाळी बांधणे हे अवघ्या काही रुपयांचे काम आहे आणि क्युलेक्सविरुद्ध त्याहून परिणामकारक दुसरे काम मला माहीत नाही. टाकीच्या चेंबरची झाकणे तडकलेली असतील तर फटी सिमेंटने बुजवाव्यात.

घराच्या आत फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, देवघरातील फुलांचे पाणी, कुंड्यांखालच्या बशा, एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली आणि पाहुण्यांसाठी राखलेले, न वापरले जाणारे शौचालय एवढ्या जागा नेमाने पाहाव्यात. बशीत जाडी वाळू भरली तर कुंडीला ओल मिळते आणि उघडे पाणी राहत नाही. विदर्भ-खानदेशात उन्हाळा संपल्यावर कूलर तसाच खिडकीत राहतो. त्याची टाकी पुसून कोरडी करावी आणि ताट्या टाकून द्याव्यात, कारण नुसत्या वाळवून ठेवलेल्या ताट्यांवरची अंडी पुढच्या मोसमात फुटतात.

अंगण, परसू आणि बांधकाम

अंगणातल्या कामाचा खरा मोसम पाऊस पडण्याआधीचा, मे महिन्याचा आहे. टायर, फुटके माठ, रंगाचे डबे, मोडकी खेळणी यांची विल्हेवाट तेव्हाच लावावी. टायर ठेवायचाच असेल तर त्याला खालून भोके पाडावीत. कौलांवर किंवा लाकडांवर घातलेल्या ताडपत्रीच्या घड्यांमध्ये पाणी साठते, म्हणून ती उतार देऊन ताणून बांधावी. पन्हळीतली पाने पावसाळ्यात अनेकदा काढावी लागतात. कोकणात आणि गोव्यात नारळाच्या करवंट्या, पोफळीची गळून पडलेली विरी, कापलेल्या बांबूंचे बुंधे या सगळ्यांत पाणी राहते. करवंट्या पालथ्या घालाव्यात, बुंध्यांत माती भरावी. केळी, अळू, अननस यांच्या पानांच्या बेचक्यांतही थोडे पाणी असते. ही झाडे घराच्या भिंतीला लागून न लावता थोडी दूर लावलेली बरी.

शेजारी बांधकाम चालू असेल तर स्लॅबवर बांधून ठेवलेले पाणी आणि लिफ्टचा खड्डा या दोन जागांवर लक्ष ठेवावे. एडिस सहसा काही शे मीटरपलीकडे उडत नाही, म्हणजे आपल्याला चावणारा डास आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या आवारात जन्मलेला असतो. ठेकेदाराशी आधी नीट बोलावे, न ऐकल्यास महापालिकेच्या कीटकनाशक विभागाला किंवा ग्रामपंचायतीला कळवावे.

मोरीचे सांडपाणी उघड्यावर जात असेल तर शोषखड्डा करावा. नांदेड जिल्ह्यातील अनेक गावांनी घरोघरी असे खड्डे करून गल्लीतली गटारेच संपवली. सुमारे चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी बसवतात, भोवती दगड-गोटे भरतात आणि वर पक्के झाकण घालतात. खड्डा पिण्याच्या विहिरीपासून लांब असावा, आणि टाकीत साचणारा गाळ वेळोवेळी काढला नाही तर पाणी जिरणे थांबते.

उडणाऱ्या डासांपासून संरक्षण

खिडक्यांना दीड मिलिमीटरहून मोठी छिद्रे नसलेली जाळी आणि झोपताना गादीखाली कडा खोचलेली मच्छरदाणी हे दोन उपाय मला बाकी सर्वांपेक्षा भरवशाचे वाटतात. लहान बाळ दुपारी झोपते तेव्हाही मच्छरदाणी लावावी, कारण एडिस दिवसाच येतो. उघड्या अंगावर डीट किंवा पिकारिडिन असलेले मलम लेबलवरच्या सूचनेनुसार लावावे. कॉइलचा धूर बंद खोलीत फुप्फुसांना घातक आहे. दम्याचा रुग्ण, बाळ किंवा गरोदर स्त्री घरात असेल तर कॉइल टाळावी. कडुनिंबाच्या किंवा निरगुडीच्या पाल्याची धुरी डासांना थोडा वेळ दूर ठेवते, पण तोही धूरच आहे. डास न ऐकू येणाऱ्या आवाजाने पळतात असे सांगून विकली जाणारी यंत्रे काहीही करत नाहीत. गल्लीतली धूरफवारणी त्या क्षणी उडत असलेल्या डासांना मारते, पाण्यातल्या अळ्यांना हातही लावत नाही; साथीच्या वेळी ती गरजेची असते, एरवी तिच्यावर विसंबून राहू नये.

घरात कोणाला ताप आला तर रक्त तपासून घ्यावे, डॉक्टरांना दाखवेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, आणि रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे, म्हणजे त्याच्या रक्तातला विषाणू नव्या डासाकडे जात नाही. डेंग्यूमध्ये ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त धोक्याचे असतात. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा गळून जाणे दिसल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

गणपतीला किंवा दिवाळीला आठवड्याहून जास्त दिवस गावी जाणार असाल, तर निघण्यापूर्वी पिंपे रिकामी करून पालथी घालावीत, कमोडचे झाकण पाडून टाकीतले पाणी एकदा सोडावे, मोऱ्यांच्या जाळ्यांवर जड वस्तूने दाबलेले प्लास्टिक ठेवावे, कुंड्यांखालच्या बशा काढून घ्याव्यात आणि गच्चीची किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन ठेवावी, म्हणजे तपासणीला आलेल्या आरोग्य सेवकाला टाकी पाहता येईल.