समाजमाध्यमांवर स्वतःची आणि आपल्या माणसांची माहिती कशी जपावी

समाजमाध्यमांवरील सुरक्षिततेची चर्चा बहुधा पासवर्डपासून सुरू होते. मला ती मित्रयादीपासून सुरू करणे अधिक योग्य वाटते, कारण आपली माहिती केवळ आपल्या ताब्यात कधीच नसते. २०१८ साली गाजलेल्या केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात व्यक्तिमत्त्व-चाचणीचे एक ॲप फेसबुकवरील सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी वापरले होते. परंतु त्या ॲपने त्यांच्या मित्रांचीही माहिती उचलल्यामुळे, फेसबुकच्या स्वतःच्या अंदाजानुसार, ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली. त्यांतील बहुतेकांनी ती चाचणी दिलेलीच नव्हती. मित्रांची माहिती घेण्याची ती वाट पुढे बंद झाली असली, तरी ‘संपर्क वाचण्याची परवानगी द्या’ हा प्रश्न आजही अनेक ॲप विचारतात आणि आपण सहज होकार देतो.

म्हणून पहिले काम असे करावे. आपल्या खात्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲपची आणि संकेतस्थळांची यादी असते. तिच्यातील वापरात नसलेली प्रत्येक नोंद काढून टाकावी. मात्र अशी नोंद काढल्याने पुढची माहिती जाणे थांबते, आधी घेतलेली माहिती परत येत नाही. ती पुसण्याची विनंती त्या सेवेकडे वेगळी करावी लागते. त्यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन संपर्क, स्थान आणि मायक्रोफोन यांच्या परवानग्या तपासाव्यात.

दुसरा मुद्दा तपशिलांच्या बेरजेचा. जन्मतारीख, जुन्या शाळेचे नाव, आईचे माहेरचे आडनाव, पाळीव प्राण्याचे नाव यांपैकी कोणताही तपशील सुटा पाहिला तर निरुपद्रवी वाटतो. पण खाते परत मिळवण्यासाठी विचारले जाणारे सुरक्षा-प्रश्न नेमके याच गोष्टींचे असतात. अशा प्रश्नांना खरी उत्तरे द्यायलाच हवीत असे नाही. पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये, नोंदवून ठेवलेले मनाने रचलेले उत्तर अधिक सुरक्षित असते. छायाचित्रांबाबत दोन वेगळी भान ठेवावी लागतात. फाइलच्या आत छायाचित्र काढल्याची वेळ आणि स्थान नोंदलेले असू शकते. अनेक माध्यमे छायाचित्र प्रसिद्ध करताना ही नोंद काढून टाकतात, परंतु तेच छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून किंवा ई-मेलने पाठवले तर ती सहसा तशीच जाते; त्यामुळे कॅमेऱ्याची स्थान-नोंद बंद ठेवणे बरे. दुसरे भान चौकटीत काय दिसते याचे: गळ्यातले ओळखपत्र, घराचा क्रमांक, मुलाचा गणवेश, विमानाचा बोर्डिंग पास. बोर्डिंग पासवरील बारकोडमधून प्रवाशाचे नाव आणि आरक्षण क्रमांक वाचता येतो. प्रवासाची छायाचित्रे परतल्यावर टाकावीत, आणि दुसऱ्याचे, विशेषतः लहान मुलाचे, छायाचित्र टाकण्यापूर्वी विचारावे. मुलाच्या वतीने आपण दिलेल्या संमतीने पसरलेले छायाचित्र त्याला मोठेपणी पूर्णपणे मागे घेता येईलच असे नाही, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

ओळख चोरली जाते ती दोन प्रकारे. एक तर खातेच बळकावले जाते. त्यासाठी वापरला जाणारा नेहमीचा डाव असा, की ओळखीच्या व्यक्तीच्या खात्यावरून ‘माझा सहा अंकी कोड चुकून तुझ्याकडे आला आहे, पाठव’ असा संदेश येतो. तो कोड आपल्याच खात्याचा असतो. तो कोणालाही देऊ नये. व्हॉट्सॲपमध्ये द्विस्तरीय पडताळणीचा पिन लावावा, ‘लिंक केलेली उपकरणे’ ही यादी अधूनमधून पाहावी, आणि इतर खात्यांसाठी शक्य तेथे एसएमएसऐवजी फोनवरच कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर ॲप वापरावे, कारण फसवणुकीने आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम मिळवणाऱ्याच्या हाती एसएमएस आपोआप पडतात.

दुसरा प्रकार तोतया खात्याचा. तेथे पासवर्डची गरजच नसते. आपले नाव, छायाचित्र आणि मित्रयादी एवढे पुरते. छायाचित्र लपवण्यापेक्षा मित्रयादी लपवणे अधिक उपयोगी ठरते, कारण पैसे कोणाकडे मागायचे हे त्या यादीतूनच कळते. तोतया खाते आढळल्यास त्याच्या पानाची लिंक जपून ठेवावी, त्या माध्यमाकडे ‘दुसऱ्याची बतावणी’ या कारणाखाली तक्रार करावी आणि परिचितांना फोनवरून किंवा अन्य मार्गाने लगेच कळवावे. आपल्या परिचिताच्या नावाने पैशाची मागणी आली, तर आधीपासून जवळ असलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. समोरून आलेल्या फोनवरचा ओळखीचा आवाज आता पुरावा राहिलेला नाही, कारण आवाजाची नक्कल थोड्याशा ध्वनिमुद्रणावरूनही करता येते.

खोटी माहितीही अशीच ओळखीच्या नावाच्या आधाराने पसरते. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अभ्यास एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. त्यात खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळली, आणि हा फरक यंत्रचलित खात्यांमुळे नव्हे, तर माणसांमुळे पडत होता. व्हॉट्सॲपवर संदेशाला दुहेरी बाण असेल, तर तो किमान पाच हातांतून पुढे आलेला असतो. तेथे थांबून तपासावे.

तपासण्याची रीत सोपी आहे. छायाचित्र गुगल लेन्स किंवा टिनआय या छायाचित्रावरून शोध घेणाऱ्या साधनांत टाकून ते सर्वप्रथम कधी दिसले ते पाहावे. पुराच्या पाण्याने भरलेल्या रस्त्यावर पोहणाऱ्या शार्कचे जोडकाम केलेले छायाचित्र २०११ पासून नव्या वादळांच्या नावाने पुन्हा पुन्हा फिरते आहे. व्हिडिओ असेल, तर त्यातील एखादे स्पष्ट दृश्य स्क्रीनशॉट घेऊन शोधावे. छायाचित्र पूर्णपणे नवे असेल, तर हा उपाय अपुरा पडतो: मे २०२३ मध्ये पेंटागॉन या अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयाजवळ स्फोट झाल्याचे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले चित्र पसरले आणि अमेरिकी शेअर बाजार काही मिनिटे घसरला. अशा वेळी चित्रातील माणसांची बोटे मोजून बनावटपणा शोधण्यापेक्षा त्याच घटनेचे दुसऱ्या कोनातून घेतलेले चित्रण किंवा तेथील यंत्रणेचे निवेदन शोधावे. स्थानिक अग्निशमन विभागाने स्फोट झालेला नसल्याचे सांगितल्यावरच तो गोंधळ निवळला.

आपल्याकडून चुकीचे काही पाठवले गेले असेल, तर संदेश गुपचूप पुसून टाकू नये. ज्या ज्या गटात तो पाठवला, तेथे ‘मी पाठवलेली माहिती चुकीची होती’ असे लिहून खरी माहिती द्यावी. घरातील वडीलधाऱ्यांनी असे काही पाठवले असेल, तर गटात सर्वांसमोर खोडून काढण्याऐवजी त्यांना एकट्यांना फोन करावा, मूळ छायाचित्र दाखवावे आणि दुरुस्ती त्यांनाच लिहू द्यावी.