शेल स्क्रिप्टमध्ये यादीतून नावं वगळताना या चुका टाळा

यादीतून एक नाव काढायचंय? ग्रेपला, म्हणजे दिलेला मजकूर असलेल्या ओळी शोधणाऱ्या कमांडला, 'व्ही' लावा, त्या ओळी वगळल्या जातात, झालं! हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता हसूही येत नाही. मीही एकेकाळी तेच म्हणायचो.

बारा मशीनची यादी होती, सर्व्हर१ ते सर्व्हर१२, ओळीला एक. पहिलं मशीन दुरुस्तीला गेलं, म्हणून रात्रीच्या बॅकअपमध्ये मी घाईघाईत 'ग्रेप -व्ही सर्व्हर१' टाकलं. ग्रेपला तो मजकूर ओळीत कुठेही दिसला तरी पुरतो, आणि सर्व्हर१०, ११, १२ यांच्या पोटात 'सर्व्हर१' आहेच. एक काढायला गेलो, चार गेली. स्क्रिप्ट मुकाट चालत राहिली, लॉग स्वच्छ. तीन आठवड्यांनी सर्व्हर११ची डिस्क बसली, तेव्हा हातात तीन आठवडे शिळा बॅकअप.

तेव्हापासून व्हीच्या जोडीला एक्स आणि कॅपिटल एफ लावल्याशिवाय मी एंटर दाबत नाही. एक्स म्हणजे अख्खी ओळ जुळली तरच; एफ म्हणजे टिंबाला टिंबच समजायचं, 'कोणतंही अक्षर' नाही. शिवाय आधी-नंतरच्या ओळी 'डब्ल्यूसी -एल' या कमांडने मोजतो. एक नाव काढलं तर एकच ओळ कमी व्हायला हवी. एकही कमी झाली नाही, तर बहुधा फाइल विंडोजवरून आलीय आणि ओळीच्या टोकाला कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह चिकटलंय, म्हणून अख्खी ओळ जुळत नाही.

दुसरा लाडका शॉर्टकट बॅश या शेलच्या अ‍ॅरेचा, म्हणजे एका नावाखाली ठेवलेल्या घटकांच्या यादीचा: महिरपी कंसात अ‍ॅरेचं नाव, मग स्लॅश, मग नको असलेला शब्द. हा घटक काढत नाही, घटकातला मजकूर पुसतो. 'जुने' पुसलंत तर जागेवर रिकामा घटक राहतो, आणि 'जुनेलॉग'चा नुसता 'लॉग' होतो. आता त्या रिकाम्या नावाआधी मूळ फोल्डर जोडून 'आरएम -आरएफ', म्हणजे न विचारता सगळं पुसणारी कमांड, चालवा. अख्खं फोल्डर साफ. मी सरळ लूप फिरवतो आणि हवे तेवढेच घटक नव्या अ‍ॅरेत भरतो. चार ओळी जास्त लागतात, लागू देत.

अ‍ॅरेवर 'अनसेट' कमांड वापरली तर घटक जातो, पण पुढचे क्रमांक सरकत नाहीत, मधे भोक राहतं.

ग्रेपचं आउटपुट तो वाचत असलेल्या फाइलवरच वळवू नका. ग्रेप सुरू होण्याआधीच शेल ती फाइल रिकामी करतं. आधी टेंपररी फाइलमध्ये लिहा, मग 'एमव्ही'ने तिला मूळ नाव द्या.

आणि 'सेट -ई' (कमांड अपयशी झाली की स्क्रिप्ट थांबवा) लावलेली स्क्रिप्ट अधेमधे गप्प मरत असेल, तर वगळून यादीत काही उरलंच नाहीये का ते बघा. तेव्हा ग्रेप संपताना १ हा कोड परत करतो, आणि शेल त्याला अपयश समजतं.