अल्सरमधून रक्त जातंय असं वाटलं तर काय करायचं

अल्सरचं रक्त दरवेळी लाल दिसत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. जखम जठरात किंवा लहान आतड्याच्या तोंडाशी असते, तिथून खाली येईस्तोवर रक्त काळं पडतं, त्यामुळे संडास डांबरासारखी काळी, चिकट आणि भयंकर वासाची होते. उलटी कॉफीच्या चुऱ्यासारखी किंवा सरळ लाल होते. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते पण ती सहसा एवढी चिकट नसते नि तसा वास मारत नाही. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि सोबत घाम, धडधड, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी असेल तर लगेच 108 लावा, "सकाळी बघू" म्हणू नका प्लीज.

गाडी येईपर्यंत पेशंटला आडवं ठेवा, उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर. तोंडाने काहीच द्यायचं नाही, थंड दूध नाही, इनो नाही, कारण एन्डोस्कोपीला (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर बघायची तपासणी) पोट रिकामं हवं असतं आणि उलटी श्वासनलिकेत जायची भीती असते. बाईकवर मधे बसवून तर अजिबात नेऊ नका, चक्कर आली की संपलं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, डॉक्टर तेच पहिलं विचारतात.

कुठे न्यायचं? नाशिक शहरात असाल तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे, खाजगी पण भरपूर आहेत, फक्त निघताना फोनवर दोनच गोष्टी विचारा, आत्ता एन्डोस्कोपी होईल का आणि रक्ताची सोय आहे का. पेठ, सुरगाण्याकडून येणाऱ्यांनी आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लावून घ्यावं मग पुढे निघावं, रस्ता लांबचा आहे.

तिथे गेल्यावर सलाईन, रक्तगट, हिमोग्लोबिन. इथे एक गोष्ट नातेवाईकांना कळत नाही, पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे रक्त गेलंच नाही असं नसतं, आकडा खाली यायला काही तास लागतात, म्हणून "रिपोर्ट चांगलाय, घरी नेतो" असा हट्ट करू नका. हिमोग्लोबिन साधारण 7 च्या खाली गेलं तर रक्त चढवतात, हार्टच्या पेशंटला थोडं आधीच. ॲसिड कमी करणारं पॅन्टोप्राझोलसारखं औषध शिरेतून देतात आणि 24 तासांच्या आत एन्डोस्कोपी करतात. त्यातच जखमेजवळ ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देऊन क्लिप लावतात किंवा शेक देऊन रक्तवाहिनी बंद करतात, बहुतेकांचं यातच थांबतं. परत सुरू झालंच तर पुन्हा एन्डोस्कोपी, नाहीतर रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन रक्त जाणारी जागा आतून बंद करणं किंवा ऑपरेशन. पहिले तीन दिवस परत रक्त जायचा धोका जास्त, तेव्हा डिस्चार्जची घाई नको.

आता कारण. लोक मिसळीला शिव्या देतात, पण तिखटाने जळजळ वाढेल, अल्सर होत नाही. खरे दोषी दोन, एच. पायलोरी नावाचा जंतू (तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं) आणि अंगदुखीच्या गोळ्या. दिंडोरी, निफाडकडे छाटणीच्या दिवसात कंबर धरली की मेडिकलवरून डायक्लोफिनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन घ्यायचं, हे रोजचं झालं की जठराचं संरक्षक अस्तरच कमजोर होतं, आणि जेवून घेतली म्हणून गोळी निरुपद्रवी होत नाही, ती रक्तातूनही तेच काम करते. दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या.

जंतूची टेस्ट करायला सांगाच. पॉझिटिव्ह आली तर अँटिबायोटिकचा कोर्स बहुधा 14 दिवसांचा असतो, मधेच बरं वाटलं म्हणून सोडू नका, आणि संपल्यावर निदान चार आठवड्यांनी जंतू गेला का ते परत तपासा. ॲसिडची गोळी सांगितली तितके आठवडे, जेवणाआधी अर्धा तास. जठराचा अल्सर असेल तर भरला का ते बघायला आणि कॅन्सर नाही ना याची खात्री करायला पुन्हा एन्डोस्कोपी सांगतात, ती चुकवू नका. सिगारेट, दारू बंद.

हार्टसाठी ॲस्पिरिन चालू असेल, विशेषतः स्टेंट असेल तर ती घाबरून स्वतःहून बंद करू नका, कधी थांबवायची आणि किती दिवसांनी परत सुरू करायची हे हार्टच्या आणि पोटाच्या डॉक्टरांना मिळून ठरवू द्या, आणि ते कागदावर लिहून घ्या.