थारच्या पोटाला चिलखत: स्किड प्लेट घरच्या घरी कशी बसवायची

लोणावळ्याहून राजमाचीला जाणारा कच्चा रस्ता ज्यांनी गाडीनं केलाय त्यांना खालून येणारा तो 'ठण्ण' आवाज सांगायला नको. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या पुढच्या गाडीला असाच आवाज आला, चालवणाऱ्याला वाटलं टायरखालचा दगड उडाला असेल, तो आपला तसाच पुढे, आणि मागून आम्हाला काळ्या कातळावर तेलाची लांब ओली रेघ दिसली. चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाची तेलाची टाकी, फुटला होता. हॉर्न वाजवून वाजवून थांबवलं म्हणून इंजिन वाचलं, नाहीतर जॅमच झालं असतं. त्याच आठवड्यात स्किड प्लेट, म्हणजे गाडीच्या पोटाला दगडांपासून वाचवणारा जाड पत्रा, कुठे बसेल ते बघायला मी माझ्या थारखाली टॉर्च घेऊन झोपलो.

कंपनी २०२० च्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर) २२६ मिमी सांगते, पण दगडाला तो आकडा माहीत नसतो. त्यामुळे आधी गाडी खालून धुवून घ्या, प्रेशर वॉशर मारा, आणि मग मोबाइलनं पुढून मागपर्यंत फोटो काढा. चेंबर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा), डिझेलची टाकी, त्यांच्या मधून जाणारे पाइप आणि वायरिंग. कुठे आधीच ओरखडे आहेत ते बघा, तुमची गाडी कुठे घासते हे तेच सांगतात. मागचं डिफरन्शिअल (मागच्या ॲक्सलमधला गिअरचा गोळा) सगळ्यात खाली लोंबतं पण ते जाड बिडाचं असतं, त्याची काळजी शेवटी. आधी चेंबर, मग ट्रान्सफर केस, मग टाकी, असा माझा क्रम.

आता लोखंड की अल्युमिनियम, ज्यावर लोक तासनतास भांडतात. साधा हिशोब असा की ४ मिमी लोखंडी पत्र्याचा एक चौरस मीटर साधारण ३१ किलो भरतो आणि ६ मिमी अल्युमिनियमचा १६ किलो, म्हणजे वजन जवळपास निम्मं. पण सह्याद्रीतला बेसॉल्ट धारदार, अल्युमिनियममध्ये तो रुततो आणि गाडी घसरायच्या ऐवजी अडकते. लोखंडावर ती सरकते, पोचा आला तर कुठल्याही गावातला वेल्डिंगवाला घणानं सरळ करून देतो. तेव्हा घाटमाथ्यावर हिंडणाऱ्यांनी लोखंड घ्यावं असं माझं मत. ज्यांचं फिरणं केळशी-आंजर्ल्याच्या वाळूतच जास्त आहे त्यांनी खाऱ्या हवेचा विचार करून अल्युमिनियम घ्यायला हरकत नाही, फक्त लोखंडी चासी आणि अल्युमिनियम प्लेट जिथे टेकतात तिथे नायलॉन वॉशर टाका, नाहीतर मिठाच्या पाण्यात दोन धातू एकमेकांना भिडले की अल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं.

तयार सेट घेताना किंवा फॅब्रिकेटरकडून बनवून घेताना एकच प्रश्न पक्का विचारायचा, प्लेट टेकते कशावर? कारण माणसं-सामान धरून दोन टनांच्या आसपासची गाडी कधीतरी त्या प्लेटवर अख्खी बसणार आहे. तो भार लॅडर फ्रेमवर (शिडीसारख्या लोखंडी चासीवर) आणि तिच्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे आडव्या दांड्यांवर, गेला पाहिजे. चेंबरच्या किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टांना लटकवलेली प्लेट दगडाचा धक्का सरळ अल्युमिनियमच्या केसिंगला पोचवते, म्हणजे नसती तर बरं होतं. चासीला नवीन भोकं पाडू नका, वेल्डिंग तर अजिबात नको. फ्रेमवर आधीची आटे असलेली भोकं असतात, ब्रॅकेट त्यांनाच जुळवून घ्या.

माझी पहिली प्लेट एका ओळखीच्या फॅब्रिकेटरनं केली, नाव घेत नाही, माणूस चांगला आहे. दिसायला झकास, पण ड्रेन प्लगसाठीचं (जुनं तेल काढायच्या बुचासाठीचं) भोक दीड इंच पुढे. ऑइल बदलताना सगळं तेल प्लेटवर सांडलं, दोन दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये वास आणि वॉचमनची बोलणी. त्यामुळे प्लेट हातात आली की आधी पुठ्ठ्यावर तिचा छाप काढा, भोकं कापा, आणि तो पुठ्ठा गाडीखाली धरून ड्रेन प्लग आणि फिल्टर जुळतात का बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

बसवण्याच्या आदल्या रात्री जुन्या बोल्टांवर डब्ल्यूडी-४० (गंजलेले बोल्ट सोडवणारा स्प्रे) मारून ठेवा. सकाळी इंजिन थंड असताना सपाट जागेवर गाडी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. थारची एक मजा म्हणजे न उचलताही पाठीवर झोपून बऱ्यापैकी काम होतं, आणि ते सगळ्यात सुरक्षित. उचलायचीच असेल तर फ्रेमखाली घोडे (जॅक स्टँड) लावा, नुसत्या हायड्रॉलिक जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही म्हणजे नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, वर्षभराची वाळलेली माती तोंडावरच पडते.

कंपनीचा मूळ गार्ड काढा, त्याचे बोल्ट डबीत जपून ठेवा. मग फ्रेममधल्या भोकांचे आटे वायर ब्रशनं आणि त्याच मापाच्या टॅपनं (आटे पाडायच्या हत्यारानं) साफ करा. इथे एक गंमत. एम १० (१० मिमी जाडीचे) बोल्ट १.५ पिचचे, म्हणजे दोन आट्यांत १.५ मिमी अंतर असलेले, येतात तसे १.२५ चेही, हार्डवेअरच्या दुकानात नुसतं 'दहाचा बोल्ट' म्हणालात तर १.५ वाला हातात पडतो, आणि गाड्यांत बऱ्याच ठिकाणी १.२५ असतो. बोल्ट हातानं तीन-चार आटे सहज गेला पाहिजे. नाही गेला तर पाना लावून जबरदस्ती करू नका, आतला नट फ्रेमला वेल्ड केलेला असतो, तो फिरला की अर्धा दिवस गेला. जुना बोल्ट दुकानात घेऊन जा, ८.८ ग्रेडचाच (ताकदीचा हा आकडा बोल्टच्या डोक्यावर असतो) मागा.

दोन-तीन प्लेटांचा सेट असेल तर मागची आधी बसवा आणि पुढची नंतर. का, तर कौलं आठवा. वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं म्हणून पाणी आत जात नाही, तशीच पुढच्या प्लेटची मागची कड मागच्या प्लेटच्या खालून यायला पाहिजे. उलटं केलंत तर मागच्या प्लेटची पुढची कड नांगरासारखी प्रत्येक दगडात घुसेल. बोल्टांची डोकीही प्लेटच्या बाहेर आलेली नकोत, घासून झिजली की पाना बसत नाही. काउंटरसंक ॲलन बोल्ट (प्लेटमध्ये सपाट बसणारे, डोक्यात षटकोनी भोक असलेले) दिसतात छान, पण त्यांच्या भोकात चिखल सिमेंटसारखा बसतो, मला तरी वाटीसारख्या खोलगट जागेत बसणारा साधा षटकोनी बोल्टच बरा वाटतो.

प्लेट एकट्यानं छातीवर घेऊन बसवायला जाऊ नका. ट्रॉली जॅकवर फळी, फळीवर प्लेट, आणि हळूहळू वर. सगळे बोल्ट आधी हातानं अर्धवट लावा, एकही घट्ट करू नका, प्लेट हलवून जुळवा, सगळे आत गेले की मग कोपऱ्याकोपऱ्यानं आवळा. सेटबरोबर आकडा आला असेल तर तोच पाळा, नसेल तर ८.८ ग्रेडसाठी एम ८ ला २५ न्यूटन मीटर, एम १० ला ४५ च्या आसपास, एम १२ ला ८०, आणि टॉर्क रेंच (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना) मित्राकडून मागून आणा, अंदाजानं नको. थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) निळा, लाल नको, कारण ही प्लेट तुम्हाला पुन्हा पुन्हा काढायची आहे.

आता माझा आवडता भाग. इंजिन रबरी माउंटवर हलतं, त्यामुळे चेंबर आणि प्लेट यांच्यात २० ते २५ मिमी मोकळी जागा हवी. ती मोजायची कशी? मी कणकेचे चार गोळे घेतले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि चेंबरच्या खाली येतील असे प्लेटवर ठेवून प्लेट बसवली. (आईनं विचारलं, पोळ्या गाडीत करणार का.) गाडी स्पीडब्रेकरवरून फिरवून आणली, दोनदा जोरात क्लच सोडला, प्लेट उतरवली आणि गोळे मोजले. तीन ठीक होते, चौथा १० मिमी. तिथे ब्रॅकेटमध्ये जाड वॉशर टाकून काम झालं. जिम्नीवाल्यांनी अजून एक बघावं, पुढचा ॲक्सल सॉलिड असल्यानं तो अख्खा वर येतो, तेव्हा सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर डिफरन्शिअल प्लेटला लागत नाही ना.

सायलेन्सरच्या पाइपापासून प्लेट लांब हवी आणि हवा खेळायला भोकं हवीत. बीएस सिक्स डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) स्वतःला साफ करतं तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. नोव्हेंबरनंतर सड्यावर कमरेएवढं वाळलेलं गवत असतं, ते प्लेट आणि पाइपाच्या मध्ये अडकून बसलं तर आग लागायला वेळ लागत नाही. थांबलं की वाकून हात घालून गवत काढायची सवय लावा, हात भाजणार नाही इतकं थांबून.

कागदपत्रांचं थोडक्यात. केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये मनाई केली ती पुढच्या बुलबार-क्रॅशगार्डला, तो वेगळा विषय. तरी विमा कंपनीला प्लेटबद्दल मेलनं कळवून ठेवा आणि वॉरंटीचं सर्व्हिस सेंटरला आधीच विचारा.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत तपासा, एखादा तरी सैल निघतोच. ठराविक आरपीएमला खालून भुणभुण आवाज येत असेल तर प्लेट कुठेतरी टेकतेय, तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. आणि पावसाळा संपला की अख्खा सेट उतरवा, माझ्या थारखालून गेल्या ऑक्टोबरात घमेलंभर चिखल, एक खेकड्याची नांगी आणि गिअरबॉक्सच्या सीलमधून येणारी तेलाची बारीक गळती निघाली, जी प्लेटमुळे तीन महिने खाली ठिपकलीच नव्हती.